नखरंगाचा साधार इतिहास

लेकीने मागितल्या होत्या आठ ओळी. त्याही मोठ्या अक्षरात. नखांचा रंग वाळेपर्यंत बायकांना दोन्ही पंजे पसरून बसावं लागतं, मासिकाचं पान उलटता येत नाही की मोबाइल धरता येत नाही, तेव्हा समोरच्या भिंतीवर वाचायला काहीतरी असावं, एवढाच तिचा हेतू. "बाबा, नेलपॉलिशचा थोडासा इतिहास लिहून द्या ना. तुमच्याइतकं नीट कोण लिहिणार?" असं ती म्हणाली आणि साधारकाका विरघळले. गेले आठ महिने बापलेकीत जेवताना मीठ मागण्यापुरतंच बोलणं होतं. त्यामुळे विरघळायला फार काही लागलं नाही.

साधारकाका हे नाव त्यांना इमारतीने दिलेलं. एका मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि तिथून येताना ते "याला आधार काय?" हा एक प्रश्न घरी घेऊन आले होते. चहात साखर कमी पडली असं बायको म्हणाली, तरी ते आधी आधार विचारत आणि मग घोट घेत. इमारतीत लिफ्ट बंद पडली तर लोक वॉचमनला बोलवायचे, वाद पडला तर काकांना. वाद मिटायचा नाही, पण लांबायचा मात्र व्यवस्थित.

आठ महिन्यांचा अबोला होता तो पुढच्या खोलीवरून. लेकीने बँकेतली चांगली नोकरी सोडली, नखं रंगवण्याचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि घरची पुढची खोली दुकानासाठी मागितली. त्या खोलीला रस्त्यावर उघडणारं वेगळं दार होतं, हे तिचं म्हणणं. त्या खोलीत आपली अकरा कपाटं आहेत, हे काकांचं म्हणणं. काका 'नाही' कधीच म्हणाले नाहीत. ते 'बघू' म्हणाले आणि आठ महिने बघत राहिले. शेवटी बायकोने एकदा भाजी चिरता चिरता, मान वरही न करता म्हटलं, "पुस्तकं तुमच्यानंतर रद्दीतच जायचीत. पोरगी राहणार आहे." त्या दिवशी काका जेवले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी खोली देतो म्हणाले.

आता राहिला होता परवाना. राहत्या घरात धंदा करायचे परवाने वर्षातून एकदाच देत असत आणि येता सोमवार हा शेवटचा दिवस होता. घर काकांच्या नावावर, म्हणून मालकाने स्वतः हजर राहून यंत्रावर दहाही बोटांचे ठसे द्यायचे आणि संमती नोंदवायची. तसं पत्र बुधवारी आलं. ठसे देताना बोटांवर रंग, मलम किंवा जखम नसावी, असं त्यात तळाला बारीक अक्षरात छापलं होतं. ते काकांनी वाचलं. वाचलं म्हणजे काय, पेन्सिलीने अधोरेखित केलं आणि पत्र 'सरकारी, तातडीचे' या फायलीत लावून टाकलं.

मग ते इतिहासाला लागले. गुरुवारी सकाळी आठ ओळींचा मजकूर तयार होता आणि दुपारपर्यंत त्याच्या तळटीपा एकोणीस झाल्या होत्या. प्राचीन बाबिलोनमधले पुरुष लढाईला निघताना नखं रंगवत, वरच्या वर्गातले काळी आणि खालच्या वर्गातले हिरवी, असं चार पुस्तकांत होतं. पण चौघांनीही ते एकमेकांचंच उतरवून घेतलेलं दिसत होतं. "प्रत्यक्ष पाहिलंय कोणी?" काका कपाटाला विचारत होते. इजिप्तमधल्या मृतांच्या नखांना मेंदीचा रंग सापडला होता, ते बरं होतं, प्रेत निदान थापा मारत नाही. चीनमध्ये मधमाशांचं मेण, अंड्याचा पांढरा बलक, डिंक आणि फुलांच्या पाकळ्या कालवून लेप करत, तो नखांवर तासन्‌तास बांधून ठेवत, आणि राजघराण्याचा रंग सामान्यांनी लावला तर त्यांची खैर नसे. इथपर्यंत मजकूर त्रेसष्ट पानांवर गेला आणि आपला काळ यायला अजून बऱ्याच शतकांचा अवकाश होता.

"आपला काळ सोपा आहे," वरच्या मजल्यावरचे रंगवाले म्हणाले. त्यांचं मोटारींच्या रंगाचं दुकान होतं आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचं मूळ मोटारीत शोधून काढायची त्यांना हौस होती. "मोटारीला चकचकीत रंग निघाला, त्यावरून कोणाला तरी सुचलं, नखाला का नको? तुमच्या लेकीचं दुकान म्हणजे लहान गाड्यांचं गॅरेजच."

याला आधार होता, हे काकांना माहीत होतं, आणि म्हणूनच ते फार लागलं. पाच हजार वर्षांचा इतिहास, राण्या, सेनापती, राजवाडे, आणि शेवट कुठे, तर गॅरेजात! ते चीनकडे परत वळले. तिथे निदान प्रतिष्ठा होती. पण तिथला तो लेप खरंच रंग धरतो का? पुस्तकवाले म्हणतात. कशावरून म्हणतात? लेकीच्या भिंतीवर खोटं वाक्य लागलं तर? शुक्रवारी सकाळी काकांनी प्रयोग करायचं ठरवलं.

चार अंडी बायकोने कपाळाला हात लावून दिली. मेण लेकीच्या सामानातून मिळालं, डिंक टपालाच्या बाटलीतला. गॅलरीत तेरड्याच्या तीन कुंड्या होत्या, त्या काकांनी ओरबाडून बोडक्या केल्या. डाव्या हाताच्या लेपात तुरटी घालायची, उजव्या हाताच्या लेपात नाही, म्हणजे फरक कळेल. रंग मात्र दोन्हीकडे राजघराण्याचाच, गडद, त्यासाठी गंजलेल्या खिळ्यांचं पाणी. सामान्यांचा फिका रंग काढून बघायला त्यांचं मन घेईना. बायकोला त्यांनी हात मागितला, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या हाताला स्वयंपाक आहे. तुमच्या हाताला काही काम असतं का?" म्हणून स्वतःचेच दोन्ही हात.

दहा बोटांना लेप, वर केळीच्या पानासारखं काही नसल्यामुळे प्लॅस्टिक, त्यावर जुन्या धोतराच्या चिंध्या. बांधलं बायकोनेच. सहा तास बसायचं होतं. पहिल्या दहा मिनिटांत काकांच्या नाकाला खाज सुटली. चहा बायकोने बशीतून पाजला आणि शर्टावर सांडला. तेवढ्यात मीटर बघणारा आला. त्याने दोन्ही हात गुंडाळून खुर्चीत बसलेले काका पाहिले, "अरेरे" म्हणाला, आकडा न घेताच गेला आणि जाताना खाली सांगून गेला. पाऊण तासात साधारकाका भाजले ही बातमी तीन मजले फिरून त्यांच्याच दाराशी आली. रंगवाले आले. समोरच्या दंतवैद्यबाई हातातलं काम टाकून आल्या, त्यांच्या मागून त्यांचा एक रोगी आला, तोंडात कापूस तसाच. वाकून सगळे हातांकडे बघू लागले.

"कसं झालं हो हे?" बाईंनी कळवळून विचारलं.

नखं रंगवायला बसलोय, हे एकसष्ट वर्षांच्या पुरुषाने चार माणसांत कसं सांगायचं? "संशोधन चालू आहे," काका म्हणाले.

"गॅसवर का?" रंगवाल्यांनी विचारलं.

शेवटी बायकोने खरं काय ते सांगितलं. कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. दंतवैद्यबाई "हो का, छान" म्हणाल्या, आणि कापूसवाला रोगी बराच वेळ काकांकडे दयेने बघत राहिला.

संध्याकाळी चिंध्या सोडल्या. पुस्तकवाले खरं बोलत होते. नखं फार सुरेख आली होती, दाट, काळपट लाल, तुरटीच्या हाताची तर विशेषच. पण लेप नखावर थांबला नव्हता. दहाही बोटं दुसऱ्या पेरापर्यंत, पुढून मागून, त्याच राजेशाही रंगात न्हाली होती. लेक घरी आली, तिने हात पाहिले आणि ती दाराशीच बसली.

"बाबा, सोमवारी ठसे आहेत."

"माहीत आहे."

"रंग नको असं लिहिलंय त्यात."

"अधोरेखित आहे," काका म्हणाले.

शनिवार धुण्यात गेला. लेकीचा रिमूव्हर लावला, काही झालं नाही, कारण तो बाटलीतल्या रंगासाठी असतो आणि हा रंग कातडीने पिऊन टाकला होता. बायकोने लिंबू दिलं, मग खाण्याचा सोडा. दंतवैद्यबाईंनी दात घासायची एक पांढरी पूड आणून दिली आणि ती हिरड्यांना लागू देऊ नका असं सवयीने बजावलं. प्रत्येकाचा उपाय आधीच्या उपायापेक्षा खात्रीचा होता. रात्रीच्या जेवणाला बोटं तपकिरी झाली होती आणि वरणाचा घास घेताना झोंबत होती.

रविवारी सकाळी रंगवाले एक डबा आणि एक कागद घेऊन आले. डब्यात थिनर होतं. कागद म्हणजे चारशे नंबरचा पॉलिशपेपर, मोटारीचा जुना रंग उतरवायचा, पाण्यात भिजवून हळू हळू फिरवायचा. "गाडी असो की माणूस, वरचा थर गेला की खाली सगळं स्वच्छ," त्यांनी सांगितलं. काका बाल्कनीत स्टुलावर बसले, पुढ्यात पाण्याची बादली, आणि एकेक बोट घासू लागले. पॉलिशपेपर गुणाचा होता. दुपारच्या आत बोटं गुलाबी झाली. नखं तशीच काळी राहिली, पण ठशाला नखं कशाला लागतात?

"गेला की सगळा," बायको येऊन बघून म्हणाली. "आता पुरे."

"अजून जरा आहे," काका म्हणाले. "काम अर्धवट सोडायची सवय नाही मला."

ते चहाच्या वेळेपर्यंत घासत होते. मधे दोनदा त्यांनी कागदाची घडी बदलून कोरा भाग पुढे घेतला.

सोमवारी अकरा वाजता बापलेक परवाना कार्यालयात पोचले. रांग जिन्यापर्यंत होती. लेकीने खास इस्त्रीचा ड्रेस घातला होता आणि फाइल छातीशी धरली होती. दुकानाचं नाव, खोलीचा नकाशा, आरशांची यादी, सगळं तिने स्वतः केलं होतं. दीड वाजता त्यांची पाळी आली. खिडकीतल्या कारकुनाने कागद तपासले, एकही कमी नव्हता. असं त्याच्या नोकरीत क्वचितच होत असावं, कारण तो थोडा खट्टू झालेला दिसला. मग त्याने काचेचं यंत्र पुढे सरकवलं.

काकांनी उजवा अंगठा ठेवला. यंत्राने तांबडा दिवा दाखवला. पुन्हा ठेवला. तांबडा. डावा ठेवला, तर्जनी ठेवली, करंगळी ठेवली. कारकुनाने ओल्या फडक्याने काच पुसली, मग काकांची बोटं पुसली, मग चष्मा पुसून बोटं डोळ्यांजवळ नेली.

"काका, तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे गुळगुळीत आहेत. धंदा काय तुमचा?"

"निवृत्त. संदर्भ विभाग."

कारकुनाने एक यादी काढली. "ठसे झिजणारे धंदे. गवंडी आहे, धोबी आहे, भांडी घासणारे आहेत. यांना दाखल्यावर सूट मिळते. संदर्भ विभाग नाही यात." त्याने पान उलटलं. "दोन्ही हात नसलेल्यांनाही सूट आहे. हात नसते तर आत्ता लगेच झालं असतं."

"हात आहेत हो माझे!"

"तीच अडचण आहे ना."

इथे काकांचा स्वाभिमान जागा झाला. हात असून ठसे नसलेल्या माणसाबद्दल नियम काय म्हणतो आणि त्या नियमाला आधार काय, हे त्यांनी मोठ्याने विचारलं. कारकुनाला त्यांनी चीनचा लेप समजावून सांगितला, तुरटीचं कार्य सांगितलं, पुराव्यादाखल दहा काळी नखं खिडकीत मांडली. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, नखं घरी रंगवा ना, आमचे खोळंबे कशाला?" रांग हसली. लेक हसली नाही. ती फायलीची दोरी बोटाला गुंडाळत उभी होती. वरच्या साहेबांची सही आणली तर बघू, असं कारकून म्हणाला. साहेब जेवायला गेले होते. साहेब आले तेव्हा त्यांनी डॉक्टरचा दाखला मागितला. डॉक्टर सापडला साडेचारला. त्याने बोटं पाहिली, 'त्वचा सोलली आहे, तीन आठवड्यांत पूर्ववत होईल' असं लिहून दिलं, आणि ते घेऊन बापलेक परत आले तेव्हा खिडकीवर लाकडी फळी लागली होती.

घरी आल्यावर लेक पुढच्या खोलीत शिरली. अकरा कपाटं भिंतीपासून ओढून मधे आणून ठेवली होती, मंगळवारी हलवायची म्हणून. तिथेच उभी राहून ती म्हणाली, "खोली नव्हतीच द्यायची तर सरळ सांगायचं होतं, बाबा. त्यासाठी हात कशाला सोलून घेतले?"

"काय बोलतेस तू? याला आधार काय?"

"आधार तुमच्या हातावर आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

काका ताडकन बायकोकडे गेले. मी जाणूनबुजून असं करेन का, तूच सांग. बायको दळण निवडत होती. ती खडे काढत राहिली. रंगवाल्यांकडे गेले तर ते म्हणाले, "काका, मी कागद दिला तो बोटाला पाच मिनिटं पुरावा असा दिला होता." दंतवैद्यबाईंनी दार उघडलंच अर्धं. एकतीस वर्षं दुसऱ्यांना आधार शोधून दिलेल्या माणसाला आपल्या निर्दोषपणाचा एकही साक्षीदार मिळेना. त्यांनी मग चिडून अकरा कपाटं एकट्याने पुन्हा भिंतीला लावली.

आठवड्याच्या आत लेकीने स्टेशनपलीकडच्या एका पार्लरमध्ये नोकरी धरली. खुर्ची त्यांची, बाटल्या त्यांच्या, सकाळी नऊ ते रात्री आठ. जाताना ती आईला सांगून जायची. तिचं सामान, मेणाचे डबे, कानशी, लहान दिवा, हे सगळं खोक्यात भरून माळ्यावर गेलं. आठ ओळी तिने मागितल्या नाहीत आणि त्रेसष्ट पानं काकांनी दाखवली नाहीत. पुढच्या खोलीत ते सकाळी जाऊन बसत. खोली पूर्ण त्यांची होती, कोणी त्यांना उठा म्हणत नव्हतं, आणि दोन तास बसूनही त्यांचं एक पान वाचून होत नसे.

बाविसाव्या दिवशी अंगठ्यावर बारीक रेघा दिसू लागल्या. काका कोणाला न सांगता परवाना कार्यालयात गेले. खिडकी मोकळी होती. कारकुनाने ओळखलं, कुतूहलाने यंत्र पुढे केलं. पहिल्याच अंगठ्याला हिरवा दिवा लागला. नऊ बोटं उरली होती, तीही त्याने हौसेने लावून घेतली. दहाही हिरवे.

"आले की हो परत!" तो मनापासून खूश होऊन म्हणाला. "आता पुढच्या वर्षी या."

तिथून काका घरी गेले नाहीत. स्टेशन ओलांडून ते त्या पार्लरच्या दारात उभे राहिले. आत चार बायका होत्या. एकीने पिशवी उचलून त्यांना बसायला जागा दिली. तासाभराने त्यांचा नंबर आला आणि ते लेकीच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. तिने मान वर करून पाहिलं, मालकिणीकडे पाहिलं, आणि टॉवेल पसरला.

"काय करायचंय?"

"हा रंग काढायचा होता."

तिने त्यांचा उजवा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत तिने त्यांचा हात असा धरला नव्हता. ती शाळेत जायला लागल्यावर रस्ता ओलांडतानाही धरायची गरज राहिली नव्हती. तिचे हात गरम होते आणि बोटांच्या टोकांना रसायनांनी भेगा पडल्या होत्या. नखांच्या मुळाशी नवीन पांढरा भाग आला होता, ती तो अंगठ्याने चाचपून बघत होती.

"हा नाही निघायचा. नखाबरोबर वाढत जाईल. जेवढा पुढे येईल तेवढा कापत राहायचं. पाच-सहा महिने लागतील."

"चीनमध्येसुद्धा," काकांनी घसा साफ केला, "हा रंग म्हणे..."

"बाबा," ती हळू म्हणाली. शेजारच्या खुर्चीला ऐकू जाणार नाही इतकं हळू. "एकच विचारते. मुद्दाम केलंत का?"

काकांनी तोंड उघडलं. 'नाही' हा शब्द तयार होता, बाविसाव्या दिवसापर्यंत रोज घासून चकचकीत केलेला. शब्द बाहेर येईना. रविवारच्या दुपारी रंग गेला होता, हे त्यांना दिसलं होतं. बोटं गुळगुळीत होत चालली आहेत हेही समजलं होतं, कारण कागद बोटावरून सरकायला लागला होता. तेव्हा डोक्यात काय होतं? त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. काहीच नव्हतं. फक्त हात चालत होता, आणि थांबावंसं वाटत नव्हतं, आणि फार दिवसांनी जिवाला बरं वाटत होतं.

"ठाऊक नाही गं मला," ते म्हणाले. "नाही असं म्हणवत नाही."

त्यांचा हात तिच्या हातात होता. तिने तो लगेच सोडला नाही आणि घट्टही धरला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने दंडाला पुसलं. मग नेलकटर घेऊन अंगठ्यापासून सुरुवात केली. काळ्या रंगाच्या पाच बारीक कडा एकामागून एक टॉवेलवर पडल्या. कानशीने तिने टोकं गोल केली, फुंकर मारली, हात टॉवेलवर ठेवला.

"दुसरा द्या," ती म्हणाली.